मंगळवारची नोंद

हिर्डोशी,
ता. १० नोव्हेंबर १९७४

प्रिय रतन,

सप्रेम नमस्कार. हे पत्र तुझ्या हातात देणारा माणूस म्हणजे गेनू, आणि त्याच्यामागे पदर ओढून उभी असेल ती त्याची आई, अक्काबाई. दोन वर्षांपूर्वी मला इथल्या शाळेवर नेमलं तेव्हा हिनेच आपल्या पडवीतली खोली मला दिली. माझं इथलं माहेर म्हण हवं तर.

तिची पाळी जाऊन सहा वर्षं झाली, आणि आता चार महिने पुन्हा रक्त जातंय. कुणाला बोलली नाही. सगळ्या बायका ओढ्यावरून परतल्या की ही एकटी धुणं घेऊन जायची, तेव्हा मला संशय आला. भोरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, बराच वेळ हात धूत राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुण्याला न्या. उद्याच न्या."

तू तिथल्या मोठ्या इस्पितळात असल्या दुखण्यांच्याच खात्यात डॉक्टर आहेस म्हणून तुझ्याकडे पाठवते आहे. अक्काबाईंनी पुणं कधी बघितलेलं नाही. भोरच्या बाजारापलीकडे गेलेली नाही ती. तिला घाबरवू नकोस एवढंच मागणं. आपण एका बाकावर बसायचो तेव्हा बेडूक चिरायच्या तासाला मी डोळे मिटून घ्यायचे आणि तू माझ्याही वहीत आकृती काढून द्यायचीस. आताही तसंच समज. मला बघवत नाही, तू बघ.

तुझी,
सुलू


पुणे,
ता. २४ नोव्हेंबर १९७४

प्रिय सुलू,

सप्रेम जयभीम. अक्काबाईंना दाखल करून घेतलं. तुकडा काढून तपासला. तुला सरळच सांगते, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे. फार पुढे गेलेला नाही, पण पहिल्या पायरीवरही नाही. उद्यापासून कोबाल्टचे किरण द्यायचे. एकूण पंचवीस वेळा, रोज एकदा, शनिवार-रविवार सोडून. मग आतून रेडियम. बऱ्या होण्याची आशा निम्म्याहून थोडी जास्त आहे, ती पंचवीसच्या पंचवीस वेळा पूर्ण झाल्या तर.

आमच्या खात्याचे प्रमुख, चिटणीस सर, रोगाचं नाव रोग्याला सांगू देत नाहीत. तिला "आतली जखम आहे, शेक द्यायचा" इतकंच सांगितलंय. हे पत्र तिच्या घरात कुणाला दाखवू नकोस.

आता माझं. मुंबईला किरणोपचाराच्या पुढच्या शिक्षणासाठी निवासी डॉक्टरांच्या दोन जागा निघाल्या आहेत. दोन! अर्ज चाळीसच्या वर गेलेत म्हणतात. मुलाखत २० जानेवारीला. सरांनी माझ्यासाठी शिफारसपत्र लिहून सहीसुद्धा केली आहे, ते त्यांच्या टेबलावर असतं आणि मी खोलीत गेले की आधी ते जागेवर आहे का बघते. दिवसभर पदार्थविज्ञानाचं पुस्तक काखेत घेऊन हिंडते. डॉक्टरकीत पास झाले ते पाठांतरावर, पण इथे गणित लागतं. किरण किती, किती अंतरावरून, किती मिनिटं. जेवताना आकडे विसरले की ताट सोडून पुस्तक उघडते.

सुलू, विंझरच्या आमच्या वस्तीतली मी पहिली डॉक्टर. नाना कारखान्यात सगळ्यांना सांगतात, माझी पोरगी मुंबईला जाणार. परवा वॉर्डात एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "यांना काय, सगळं राखीवच." माझं काही चुकलं तर ते माझ्या एकटीचं चुकत नाही, हे तुला कळेल की नाही मला माहीत नाही.

तुझी,
रतन


हिर्डोशी,
ता. ८ डिसेंबर १९७४

प्रिय रतन,

अक्काबाई पळून आली.

शुक्रवारी दिवस कलताना मी वह्या तपासत होते तर अंगणात बसलेली दिसली. एसटी गावाच्या बरीच अलीकडे बंद पडली म्हणून उरलेली वाट चालत आली होती. चेहरा पांढरा पडलेला. पोटावर तुम्ही किरणांच्या खुणेसाठी काढलेल्या जांभळ्या रेघा होत्या ना, त्या तिने घरात शिरायच्या आधी दगडाने घासून काढल्या. कातडी सोलवटली आहे.

मी खूप समजावलं. ती म्हणते, "बाई, औषिद असंल तर मला एकलीला कोंडून समदी का पळत्यात? दार केवडं, हातभर जाड. ती रतन बी पळती. चुलीम्होरं मला बसवायचं आन आपुन चुलीला भ्यायचं, असली मानसं म्या कुठं बगितली न्हाईत."

याचं उत्तर तू दे.

आणखी एक. तिला जुलाब फार होतायत. म्हणते, "मंगळवारी तर मला दोनदा घातलं. सकाळच्याला एकदा आन जेवान झाल्यावर पुना. बाकीच्या बायांना एकदाच. माझं लई वाढलं असनार." असं दोनदा देतात का? मी तिला म्हटलं, डॉक्टरांना कळतं.

गेनूने तिला वाटेत काय सांगितलं कोण जाणे, सारखी "आता माझं काय ऱ्हायलं न्हाई" म्हणत असते. मला भीती वाटते, रतन. घरात भिंतीपलीकडे ती कण्हते आणि मी इकडे बसून ऐकते.

तुझी,
सुलू


पुणे,
ता. ११ डिसेंबर १९७४

प्रिय सुलू,

तुझं पत्र आज मिळालं आणि मी उभ्यानेच वाचलं. तिला परत पाठव. कसंही कर, पण पाठव. नऊ वेळा झाल्या, सोळा उरल्यात. अर्धवट सोडलं की जे मेलं नाही ते पुन्हा वाढतं, आणि दुसऱ्यांदा वाढतं ते लवकर हाती लागत नाही. एकेक दिवस महत्त्वाचा आहे.

आम्ही बाहेर का जातो ते तिला असं सांग. तिला हे किरण पंचवीस दिवस, रोज दोन-तीन मिनिटं, जिथे दुखणं आहे तिथेच मोजून मिळतात. मी आणि रघुवीर (यंत्र चालवणारे आमचे तंत्रज्ञ) रोज तीस जणींना देतो. प्रत्येकीबरोबर आत थांबलो तर वर्षभरात आमच्या अंगात रक्त उरणार नाही. आम्ही पळत नाही. जाड काचेतून तिच्याकडेच बघत असतो. तिला दिसत नाही, कारण ती वर बघत पडलेली असते.

जुलाबांसाठी गेनूबरोबर गोळ्या पाठवा म्हणून तुझ्या भोरच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आहे, सोबत जोडते. भाताची पेज, ताक द्यावं. तिखट बंद. पोटाला साबण, तेल, काही लावू नये.

मुलाखतीला चाळीस दिवस राहिले. कोबाल्टची ताकद निम्मी व्हायला सव्वापाच वर्षं लागतात, हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. बाकी सगळं विसरायला होतं.

तिला पाठव.

तुझी,
रतन


हिर्डोशी,
ता. १५ डिसेंबर १९७४

प्रिय रतन,

आधी माझा गुन्हा सांगते. मागच्या पत्रात मी तो लपवला. एक तारखेला, रविवारी, गेनू तांदूळ न्यायला गावात आला होता. तुझं पाकीट माझ्या पेटीवर पडलेलं. म्हणाला, "बाई, डाक्टरीनबाईचं हाय ना? माझ्या आईचं काय लिवलंय?" तो माझ्यासमोर उकिडवा बसला होता. मला खोटं बोलता आलं नाही. वाचून दाखवलं. कॅन्सर शब्द ऐकून तो इतकंच म्हणाला, "म्हंजी मरनार." आणि उठून गेला. त्यानेच आईला सांगितलं असणार. ती तुमच्या यंत्राला भ्याली, पण आधी ती माझ्यामुळे भ्याली. आठ दिवस मी हे तुला लिहायचं टाळलं.

तू किरणांचं लिहिलंस ते मी तिला वाचून दाखवलं. तिने चुलीजवळ बसून नीट ऐकलं. "काचंतून बगती व्हय?" असं दोनदा विचारलं. पण जायचं नाव नाही. जुलाब थोडे कमी आहेत.

आता तुला विचारते. रागावू नकोस. तू दोन्ही बाजू भरून लिहिलंस, ताकसुद्धा विसरली नाहीस. मंगळवारचं मात्र काहीच लिहिलं नाहीस. मी तुला नववीपासून ओळखते. गणितातलं एखादं उदाहरण तुला आलं नाही की तू तेवढी जागा सोडून पुढे जायचीस आणि बाईंनी विचारलं तर पुढचंच वाचून दाखवायचीस.

मंगळवारी काय झालं?

सुलू


पुणे,
ता. १९ डिसेंबर १९७४

सुलू,

हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक.

३ डिसेंबर, मंगळवार. सकाळी अक्काबाईंचा नंबर होता. त्यांना टेबलावर निजवलं, दार लावलं, यंत्र सुरू झालं. मी काचेपाशी उभी. एका हातात त्यांचं कार्ड, दुसऱ्या हातात पुस्तक. अंतर दुप्पट झालं की किरण पाव होतात, तीनपट झालं की नववा हिस्सा, हे पुटपुटत होते. काचेतून बघत नव्हते. घंटा वाजली, त्यांना उतरवलं, पुढची बाई आत घेतली. कार्डावर त्या दिवसाच्या चौकोनात नोंद करून सही करायची असते. मी ती केली नाही. कार्ड तसंच ट्रेमध्ये ठेवलं.

सकाळभर यंत्र मीच चालवत होते, दुपारी रघुवीर कामावर आले. चौकोन रिकामा. त्यांनी वॉर्डात विचारलं, ही राहिली आहे का? सिस्टरनी कार्ड बघितलं आणि अक्काबाईंना पुन्हा पाठवलं. त्या काही बोलल्या नाहीत. कुणाला काय बोलणार त्या? रघुवीरांनी किरण दिले, सही केली.

बुधवारी सकाळी मी कार्ड उघडलं. मंगळवारच्या चौकोनात रघुवीरांची सही. मला त्याच क्षणी कळलं. वर बघितलं तर अक्काबाई माझ्याकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "काल दोनदा झालं गं बाई." आणि मी म्हटलं, "हो, असतं कधी कधी."

हे मी बोलले, सुलू. माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं.

तेव्हापासून रोज ठरवते, आज सरांना सांगायचं. त्यांच्या दारापर्यंत जाते. टेबलावर ते शिफारसपत्र असतं. सर म्हणतात, "काय, अभ्यास कुठवर आला?" आणि मी अभ्यासाचं सांगून परत येते. त्या पळून गेल्याचं कळलं त्या दिवशी मला एक क्षण, फक्त एक क्षण, बरं वाटलं. म्हटलं, आता कार्ड बंद होईल.

मी सांगितलं तर मुंबई गेली. नुसती मुंबई नाही. "बघा, म्हणूनच म्हणत होतो," असं म्हणायला चारजण टपून आहेत. माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येक मुलीला हे ऐकवलं जाईल. नानांना काय सांगू? आणि नाही सांगितलं तर अक्काबाईंच्या पोटात काय चाललंय ते कुणालाच खरं कळणार नाही. त्यांच्या आतड्यांना इजा झाली असेल तर? मी काय करू?

रतन


हिर्डोशी,
ता. २४ डिसेंबर १९७४

प्रिय रतन,

पत्र जाळलं.

सांगू नकोस.

मी दोन दिवस विचार केला आणि हेच लिहायचं ठरवलं. तू विंझरहून भोरला शिकायला आलीस तेव्हा मावशीच्या एका खोलीत सातजण राहायचात आणि तू रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करायचीस. तू जिथवर पोचलीस तिथवर तुमच्याकडचं कुणी पोचलं नव्हतं. एका चौकोनापायी ते सगळं घालवायचं? एकदा जास्त झालं ना, मग शेवटी तूच एकदा कमी कर. तुझ्याच हातात कार्ड असतं. कुणाला कळणार आहे? मुलाखत होऊन जाऊ दे, जागा मिळू दे, मग वाटलं तर सांग. अक्काबाई काही बोलणार नाही, तिला मी बघते.

ती यायला तयार झाली आहे. परवा पुन्हा रक्त गेलं, बरंच गेलं. घाबरून मला हाक मारली. म्हणाली, "हितं मरायचं ते तितं मरू." सोमवारी, ३० तारखेला, गेनू तिला घेऊन येईल. शाळेची तपासणी आहे, मला रजा नाही.

सांगू नकोस, रतन. मी तुझ्या पाया पडते.

सुलू


पुणे,
ता. १ जानेवारी १९७५

प्रिय सुलू,

तुझं पत्र मी खिशात घेऊनच सोमवारी कामावर गेले. तू लिहिलंस तेच सगळं मी सत्तावीस दिवस स्वतःला सांगत होते, त्यामुळे तुझा राग आला नाही. उलट तुझ्या अक्षरात ते वाचल्यावर मला ते पहिल्यांदा बाहेरून दिसलं.

अक्काबाई आल्या. वजन पाच पौंड उतरलंय. सरांनी तपासलं, कार्ड मागवलं, खुर्चीत बसले. मी शेजारी उभी. मनात गणित तयार होतं. उरलेल्या सोळा, त्यातली शेवटची मी गुपचूप गाळायची. तेवढ्यात सर म्हणाले, "नऊच झाल्यात आणि पंचवीस दिवसांचा खंड पडलाय. हे भरून काढायला हवं. सोळाच्या एकोणीस करू." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

सुलू, सरांच्या हिशेबाने एकूण अठ्ठावीस होत्या, खऱ्या एकोणतीस होणार होत्या, आणि अक्काबाईंच्या आतड्यांनी आधीच एका दिवसात दोन सोसलेल्या. इतक्याने आतड्याला भोक पडलेल्या बायका मी याच वॉर्डात बघितल्यात. मी एक गाळली असती तरी तीन जास्त त्यांना मिळाल्याच असत्या.

मी म्हटलं, "सर, नऊ नाही. दहा झाल्यात."

त्यांनी मान वर केली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पुस्तकाचं, रिकाम्या चौकोनाचं, "असतं कधी कधी" म्हटल्याचं. रघुवीरांचा काही दोष नाही हेही. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती तारीख?" मग लाल शाईने कार्डावर लिहिलं, माझी सही घेतली, स्वतःची केली, आणि जुलाबांचं आतापर्यंतचं सगळं मला विचारून टिपून घेतलं. एकोणीस खोडून पंधरा केल्या, आणि दर आठवड्याला रक्त तपासायचं ठरवलं. मग शिफारसपत्र उचलून खणात टाकलं. म्हणाले, "जा आता. रोगी थांबलाय."

बाहेर बाकावर अक्काबाई बसलेल्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनाही सांगितलं. तुम्हाला त्या दिवशी चुकून दोनदा दिलं गेलं, चूक माझी होती, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले.

त्या माझ्याकडे वाकल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मला भास न्हवता झाला. गेनू म्हनं, तुला भास झाला आई. माझं मलाच वाटाया लागलं, डोस्कं फिरलं."

मग त्यांनी अट घातली. "आदी तू नीज तितं. दार लाव. मग म्या निजते."

यंत्र बंद असताना आत जायला काही धोका नसतो. कोबाल्ट शिशाच्या जाड डोक्यात बंद असतो. हे मला पाठ आहे. मी टेबलावर आडवी झाले, रघुवीरांनी दार लावलं. पाच महिने मी त्या खोलीत काम करते, पण तिथलं छत मी कधी बघितलं नव्हतं. पोटावर ते लोखंडी डोकं. आवाज नाही. आपला श्वास तेवढा ऐकू येतो. सगळे आकडे माहीत असूनही मला वाटलं, आता काहीतरी सरकेल, आता लागेल. आणि मी बाहेर कुणालाच दिसत नसेन, असं वाटलं. दोनच मिनिटं होती ती.

दार उघडलं तेव्हा अक्काबाई उंबऱ्यातच होत्या. माझं कपाळ पदराने पुसलं. "तुला बी घाम फुटला की गं," म्हणाल्या, आणि कुणाचा हात न धरता टेबलावर चढल्या.

मी काचेतून बघत राहिले. पुस्तक खोलीवर ठेवून आले होते.

तुझी,
रतन


हिर्डोशी,
ता. ९ जानेवारी १९७५

प्रिय रतन,

तुझं पत्र वाचलं आणि माझ्या त्या पत्राची इतकी लाज वाटली की चार दिवस उत्तर लिहिता आलं नाही. तुझं भलं व्हावं म्हणून मी लिहिलं, हे खरंच आहे. पण लिहिताना मी अक्काबाईंच्या पोटाचा विचार केला नाही, आणि ती तर माझ्या भिंतीपलीकडे झोपलेली होती.

सरांनी पत्र खणात टाकलं म्हणजे आता ते मिळणार नाही का? त्याच्याशिवाय मुलाखत होते का? लगेच कळव. मला इथे काही सुचत नाही. काल फळ्यावर चुकीची तारीख लिहिली, पोरांनी हसून दाखवली.

गेनू म्हणतो, आई आता वॉर्डातल्या बायकांना धीर देते. मला खरं वाटत नाही. तो मला बरं वाटावं म्हणून सांगत असेल.

तुझी,
सुलू


पुणे,
ता. २३ जानेवारी १९७५

प्रिय सुलू,

मुलाखत झाली.

जायच्या आदल्या दिवशी सरांनी बोलावलं. लाखेने बंद केलेलं पाकीट हातात दिलं. म्हणाले, "जुनं फाडलं. हे नवीन आहे. यात तो मंगळवार लिहिलाय. न्यायचं की नाही ते तू ठरव." सबंध रेल्वेत ते पाकीट मी मांडीवर धरून बसले होते. सर बाकी काय लिहितात हे मला माहीत नव्हतं. खिडकीतून बाहेर टाकून द्यावं असं तीनदा मनात आलं.

बाहेर बाकावर बसलेली सगळी मुलं एकमेकांना प्रश्न विचारत होती. मला एकाचंही उत्तर आठवेना. आत तीन डॉक्टर. मी पाकीट पुढे केलं. मधल्यांनी वाचलं, शेजारच्यांना दिलं, त्यांनी तिसऱ्यांना.

"हे तुम्ही कुणी विचारायच्या आधी सांगितलंत की नंतर?"

"सरांना आधी सांगितलं, सर. पण सत्तावीस दिवसांनी."

"पहिल्याच दिवशी का नाही?"

"भीती वाटली."

"कशाची?"

मी म्हटलं, "ही जागा जाईल याची." त्यावर तिघांपैकी कुणी हसलं नाही.

"आता भीती वाटत नाही?"

"वाटते, सर. जास्तच वाटते."

मग वीस मिनिटं गणितं विचारली. एक सोडून सगळी आली. बाहेर आले आणि जिन्याचा कठडा धरून उतरले. निकाल महिन्याभरात कळेल.

मधे संक्रांतीची सुट्टी पडल्यामुळे अक्काबाईंची शेवटची खेप २० तारखेला, मी मुंबईत असताना झाली. कार्डावर सही रघुवीरांची आहे, आणि तिच्याखाली सिस्टरची. सरांनी आता दोन सह्यांचा नियम केला आहे. पुढच्या आठवड्यात रेडियम.

तुझी,
रतन


हिर्डोशी,
ता. २ मार्च १९७५

प्रिय रतन,

पाच आठवडे तुझी चिठ्ठी नाही. निकालाबद्दल विचारायलाही भीती वाटते, म्हणून विचारत नाही.

अक्काबाई घरी येऊन पंधरा दिवस झाले. रक्त पूर्ण थांबलंय. जुलाब अधूनमधून होतात. भाकरी खाते, नाचणीची. पण आळीतल्या दोन घरांनी तिच्याकडचं पाणी बंद केलंय. रोग लागतो म्हणतात. गेनूची बायकोसुद्धा भांडं वेगळं ठेवायला लागली होती. मी त्याच भांड्यातून पाणी प्यायला लागले. पहिल्या दिवशी घशाखाली उतरताना मलाही क्षणभर भीती वाटली, खोटं कशाला सांगू? आता नाही वाटत. सुनेनेही ते भांडं परत मांडणीवर ठेवलं.

एप्रिलात तिला तपासायला आणायचं आहे ना? मी स्वतः घेऊन येईन. पण त्याआधी दोन ओळी लिही. काहीही असलं तरी लिही.

तुझी,
सुलू


विंझर,
ता. १४ एप्रिल १९७५

प्रिय सुलू,

परवा तू अक्काबाईंना घेऊन आलीस तेव्हा ओपीडीत गर्दी होती आणि तू निकालाचं विचारलं नाहीस. मीही बोलले नाही. आज जयंतीसाठी घरी आले आहे. बाहेर पताका लावायची गडबड चालली आहे, आणि मी आत बसून तुला लिहिते आहे.

आधी अक्काबाईंचं. सरांनी तपासलं, मग मला तपासायला लावलं. बोटांना गाठ लागत नाही. पोट मऊ आहे. सर म्हणाले, "सध्या ठीक." हा "सध्या" पाच वर्षं चालतो, सुलू. दर तीन महिन्यांनी त्या येतील आणि दर तीन महिन्यांनी मी हातमोजा घालताना घाबरेन.

माझा निकाल फेब्रुवारीतच आला होता. दोन जागांवर दोन मुलं घेतली. माझं नाव नाही. त्या मंगळवारमुळे की न आलेल्या गणितामुळे, ते कुणी सांगत नाही. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "दोन्हीमुळे असेल. जुलैत परत जागा निघतील. तोवर इथेच काम कर, यंत्रावरची सगळी कार्डं तुझ्याकडे." त्यांनी कार्डं माझ्याकडे दिली, तेव्हा मी नाही म्हणणार होते. इतकी भीती वाटली. पण घेतली.

नानांना मात्र दोन महिने सांगितलं नव्हतं. "कागद यायचाय," म्हणत राहिले. आज सकाळी ते माझ्यासाठी नवीन ट्रंक घेऊन आले, मुंबईला न्यायला. वर पांढऱ्या रंगाने नाव घातलेलं, डॉ. रतन. तेव्हा मात्र राहवलं नाही. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. जागा मिळाली नाही हे, आणि का मिळाली नसेल तेही. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिने तोंडाला पदर लावला.

नाना ट्रंकेवर हात ठेवून बसले. मला वाटलं, आता ते उठून बाहेर जातील आणि दिवसभर माझ्याशी बोलणार नाहीत.

मग म्हणाले, "ती बाई जित्ती हाय न्हवं?"

"आहे नाना. सध्या बरी आहे."

"तू सांगितलं नसतं तर?"

मी ट्रंकेवरचं माझं नाव बघत राहिले.

त्यांनी मान हलवली. ट्रंक उचलून आत माळ्याखाली नेऊन ठेवली आणि परत येऊन विचारलं, "जुलैची तारीख कवा कळंल? मला आदी रजा टाकाया लागती. या खेपेला म्या येतो संगं. भाईर बाकावर बसंन."

बाहेर पोरं हाका मारतायत, मिरवणूक निघाली. जाते.

तुझी,
रतन